रंगमंडपाबाहेरची माणसे : आंबेडकरी जलसा आणि आजचा समूहरंगमंच

आंबेडकरी जलशांविषयी आजवर जे लेखन झाले, त्यात जलशांनी काय सांगितले याची चर्चा पुष्कळ आहे. अस्पृश्यतेचा धिक्कार, शिक्षणाचा आग्रह, मृतमांस सोडण्याचा निर्धार, महारवतनाची चिकित्सा, मंदिरप्रवेशाचे सत्याग्रह आणि पुढे धम्मदीक्षा असे विषय अभ्यासकांनी नोंदविले आहेत व ते योग्यच आहे. परंतु जलसा कोणी मिळून उभा केला, तो कोणाकोणापर्यंत पोहोचला आणि कोणापर्यंत पोहोचू शकला नाही, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. आमच्या मते समूहाच्या कलेची परीक्षा याच प्रश्नापासून सुरू व्हावयास हवी. समूहासाठी केलेली कला आणि समूहाने स्वतः केलेली कला यांत मोठे अंतर आहे. आणि समूह म्हणताना ज्यांना आपण मोजतच नाही, अशी काही माणसे त्या दोहोंच्याही बाहेर उभी असतात.

हा प्रश्न आजचा नव्हे. महाविद्यालयांतून भरताच्या नाट्यशास्त्राचा परिचय करून देताना एक कथा हटकून सांगितली जाते. शूद्रांना वेद ऐकण्याचा अधिकार नसल्यामुळे ब्रह्मदेवाने सर्व वर्णांसाठी नाट्य हा पाचवा वेद निर्माण केला, अशी ती कथा. ती मोठ्या औदार्याची म्हणून सांगितली जाते. पण त्याच पहिल्या अध्यायात पुढे काय घडते ते सहसा कोणी सांगत नाही. पहिल्याच प्रयोगाचा विषय होता देवांनी असुरांवर मिळविलेला विजय. आपला पराभव चारचौघांत रंगवून दाखविला जात आहे हे पाहून असुर संतापले आणि त्यांनी प्रयोग बंद पाडला. इंद्राने ध्वजाचा दांडा उचलून त्यांना झोडपले. पुन्हा विघ्न येऊ नये म्हणून मग विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधवून घेण्यात आले. ज्यांच्याविषयी नाटक होते त्यांना कोणी विचारले नव्हते. त्यांनी आक्षेप घेतला तेव्हा भिंती उभ्या राहिल्या. नाट्यगृहाच्या भिंतींचा जन्म हा असा आहे.

दुसरा अध्याय त्या भिंतींच्या बांधकामाचा. त्यात ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य आणि शूद्र असे चार वर्णांच्या नावांचे चार स्तंभ आहेत. अतिशूद्राच्या नावाचा स्तंभ अर्थातच नाही. पायाभरणीच्या वेळी त्या जागेवरून कोणाला दूर करावे याचीही सूचना आहे. पाखंडी, काषाय वस्त्रे नेसणारे आणि विकलांग माणसे अशांची नावे तेथे एकाच दमात घेतली आहेत. आम्ही हे वचन प्रथम वाचले तेव्हा आमचे लक्ष साहजिकच काषाय वस्त्रांकडे गेले. भिक्खूला रंगमंडपाच्या दारातून हाकलून देणारे शास्त्र म्हणून आम्ही त्याचा उल्लेख व्याख्यानांतून कितीदा केला असेल! त्याच वाक्यात भिक्खूच्या शेजारी उभा केलेला जो विकलांग माणूस, त्याच्याकडे आमचे लक्ष कित्येक वर्षे गेले नाही, ही कबुली येथे दिली पाहिजे. या लेखाचे खरे निमित्तही तेच आहे.

आता आपल्या ग्रंथांकडे वळू. तेथे सर्व काही निर्दोष आहे असा दावा कोणी करू नये. महावग्गात प्रव्रज्येस अपात्र ठरविलेल्यांच्या यादीत हात तुटलेला, लंगडा, आंधळा, मुका आणि बहिरा यांची नावे आहेत. हा नियम कोणत्या परिस्थितीत झाला याचे स्पष्टीकरण अनेकांनी अनेक प्रकारे केले आहे. स्पष्टीकरण कसेही असो, नियम आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. बाबासाहेबांनी आपल्याला ग्रंथप्रामाण्य शिकविले नाही, चिकित्सा शिकविली. परंतु त्याच परंपरेत खुज्जुत्तरा आहे, हेही विसरता येत नाही. कोसंबीच्या राणी सामावतीची ही दासी. पाठीला कुबड असलेली म्हणून तिच्या नावामागे 'खुज्जा' लागले. राणीला आणि अंतःपुरातील स्त्रियांना राजवाड्याबाहेर जाऊन तथागतांचे प्रवचन ऐकण्याची मोकळीक नव्हती. खुज्जुत्तरा जाई, ऐके, परत येऊन त्या स्त्रियांना ते जसेच्या तसे सांगे. बहुश्रुत उपासिकांमध्ये तथागतांनी तिला अग्रस्थान दिले आणि 'इतिवुत्तक' हा ग्रंथ तिच्याच मुखातून आला असे अट्ठकथा सांगते. जेथे श्रोता पोहोचू शकत नाही तेथे वचन घेऊन जाणारी ही स्त्री दासी होती आणि विकलांगही होती. तिच्यावर दया करून तिला सभेत बसविले, अशी ही कथा नाही. तिच्यावाचून सभाच भरली नसती, अशी आहे.

चुल्लवग्गातील एक प्रसंग याच्या जोडीला ठेवण्याजोगा आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खू बंधूंनी बुद्धवचन छंदोबद्ध वैदिक भाषेत बसविण्याची परवानगी मागितली. नाना गोत्रांचे, नाना कुळांचे लोक आपापल्या बोलीने वचन बिघडवितात, अशी त्यांची तक्रार होती. तथागतांनी त्यांना दोष दिला, तसे करणे हा अपराध ठरविला आणि आपापल्या भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली. 'आपापल्या भाषेत' या शब्दांचा अर्थ काय यावर विद्वानांत वाद आहे. बुद्धघोषाने तो मागधी असा केला. आम्हाला त्या वादात शिरावयाचे नाही. वचनाची शुद्धता आणि वचनाचा पल्ला यांत निवड करावी लागली तेव्हा तथागतांनी पल्ला निवडला, एवढे आमच्या प्रतिपादनास पुरे आहे.

नाटकाविषयी बुद्धाचे मत प्रतिकूल होते, असा आक्षेप येथे घेतला जाईल. उपोसथाच्या शीलांत नृत्य, गीत, वाद्य आणि तमाशे पाहण्यापासून विरती सांगितली आहे, हे खरे. संयुत्तनिकायातील तालपुट नटाचा प्रसंगही परिचित आहे. लोकांना हसवून रिझविणारा नट मरणानंतर हसऱ्या देवांच्या लोकी जातो असे जुने नटाचार्य सांगतात, ते खरे काय, असे त्याने विचारले. तथागतांनी दोनदा उत्तर टाळले. तिसऱ्यांदा सांगितले की, जे प्रेक्षक आधीच राग, द्वेष आणि मोह यांनी बांधलेले आहेत त्यांना त्याच गोष्टींत अधिक गुंतविणारा, स्वतः प्रमत्त आणि इतरांना प्रमत्त करणारा नट अधोगतीला जातो. तालपुट रडला. जुन्या आचार्यांनी आपल्याला फसविले म्हणून रडला. पुढे तो संघात आला आणि त्याच्या गाथा थेरगाथेत आहेत. हे सूत्र लोक नाटकाविरुद्ध वापरतात. आम्हाला ते नाट्यसमीक्षेचा पहिला धडा वाटते. प्रेक्षक हसला की नाही, हा प्रश्न त्यात गौण आहे. तो कशाला हसला आणि हसून काय झाला, हे पाहावयाचे आहे.

ही दोन परिमाणे, म्हणजे पल्ला आणि हसण्याची जात, हाती घेऊन आपण जलशाकडे येऊ.

१९३१ साली भीमराव कर्डक यांनी सहकाऱ्यांसह नाशिक जिल्हा युवक संघाचा जलसा उभा केला, तेव्हा काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला आरंभ होऊन एखादे वर्षच झाले होते. त्याआधी सत्यशोधक जलशांची वाट पडलेली होती आणि तिच्याही आधी जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिले होते. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले, हे स्वतः जोतीरावांनीच लिहून ठेवले आहे. म्हणजे या रंगभूमीचा आरंभही नाकारलेल्या नाटकाने झाला! कर्डकांच्या जलशाचे काम आपल्या दहा सभांच्या तोडीचे आहे, अशा आशयाचे बाबासाहेबांचे उद्गार चळवळीत सर्वश्रुत आहेत. ते प्रशस्तिपत्रक म्हणून आपण मिरवितो. पण बाबासाहेबांसारखा काटेकोर माणूस असे म्हणतो तेव्हा त्यात एक निरीक्षणही असते. सभा जेथे पोहोचत नाही तेथे जलसा पोहोचतो. का पोहोचतो, हे पाहिले पाहिजे.

जलशाचा सांगाडा तमाशाचा. गणातील गणपती आणि गवळणीतील शृंगार बाजूला सारून तेथे चळवळीचा आशय आला. वाद्ये मात्र तीच राहिली. पडदा नव्हता, रंगविलेले देखावे नव्हते. त्यामुळे स्थळ आणि काळ शब्दांनीच सांगावा लागे. पाटलाच्या वाड्यावर जाऊ या, असे म्हणून नटाने एक फेरी मारली की वाडा आला. नवे पात्र शिरले की सोंगाड्या त्याला अडवी, तू कोण, कुठला, काय धंदा करतोस असे खोदून विचारी आणि ते पात्र आपली सारी कुंडली सांगून मोकळे होई. शाहिराने टाकलेली ओळ झीलकरी उचलीत. पहिल्या वेळी जिच्यापर्यंत ती पोहोचली नाही तिच्यापर्यंत दुसऱ्या वेळी पोहोचे. प्रेक्षक तिन्ही बाजूंना जमिनीवर. त्यांना चढावयाची पायरी नव्हती, काढावयाचे तिकीट नव्हते. आणि करणारे कोण? दिवसभर गिरणीत, रेल्वेत, गोदीत राबून रात्री ढोलकीला शाई भरणारे. ज्या गावात जावयाचे तेथील ताजा अन्याय त्या रात्रीच्या बतावणीत घातला जाई. अशा संहितेचा लेखक कोण, असे विचारले तर एकच नाव सांगता येत नाही.

या वर्णनात एक गोष्ट दडलेली आहे आणि ती आमच्या ध्यानी फार उशिरा आली. डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसाला जलसा जवळजवळ संपूर्ण कळू शकतो. कारण त्यात जे घडते ते सांगितलेही जाते. अंधांची सोय करावी असे कोणाच्या मनात होते म्हणून हे झाले नाही. रचना दरिद्री होती, शब्दावर उभी होती, म्हणून झाले. पण झाले, हे महत्त्वाचे. उलट बहिऱ्या माणसाला जलसा फारसा खुला नव्हता. आणि स्त्रिया? त्या प्रेक्षकांत होत्या, मोठ्या संख्येने होत्या. परंतु आरंभीच्या जलशांत स्त्रीची भूमिका पुरुषच करीत. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली सिद्ध केले, तेव्हा चळवळीतील स्त्रियांचे कर्तृत्व नीट नोंदले गेले. मंचावरील त्यांच्या अनुपस्थितीची चिकित्सा अजूनही पुरेशी झालेली नाही. जलशाचा गौरव करताना हे झाकू नये.

पुढे रंगभूमी मंचावर चढली. तत्कालीन औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात १९५५ साली म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' बाबासाहेबांसमोर सादर झाले, १९५६ साली नागपुरात दीक्षेच्या निमित्ताने जमलेल्या प्रचंड जनसमुदायासमोर ते पुन्हा झाले. दलित रंगभूमीचा इतिहास बहुधा येथून मोजतात. त्यानंतरची वाटचाल अभिमानाची आहे. परंतु दोन नाटके शेजारी ठेवून पाहा. प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी' ही एकांकिका दोन पात्रांवर चालते, तिला कशाचीच गरज लागत नाही, आणि म्हणून ती वस्त्यावस्त्यांतून, कॉलेजाकॉलेजांतून कोणीही उचलली. दत्ता भगत यांचे 'वाटा-पळवाटा' हे वैचारिकदृष्ट्या अधिक गुंतागुंतीचे. काका, सतीश आणि अर्जुन या तीन पिढ्यांचा वाद इतक्या प्रामाणिकपणे दुसऱ्या कोणी मांडलेला आम्हाला ठाऊक नाही. पण ते नाटक एका प्राध्यापकाच्या घरात घडते, त्याला ते घर लागते, ते घर दिसावे लागते आणि त्यासमोर अंधारात गप्प बसलेला प्रेक्षक लागतो. वस्ती नाटकाचा विषय झाली, प्रेक्षक झाली. करणारी राहिली नाही. हा दोष त्या नाटककाराचा नव्हे. आपण सर्वांनी मिळून मंचाला प्रतिष्ठा मानली आणि अंगणाला मागासलेपण मानले, त्याचा हा परिणाम होय. आता तर जयंतीच्या मिरवणुकीत गाणारा गळा आणि ऐकणारा कान यांच्यामध्ये ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहतात, त्याविषयी न बोललेले बरे.

याला अपवाद आहेत. राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले, नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेले आणि संभाजी भगत यांच्या कल्पनेतून व संगीतातून उभे राहिलेले 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक २०१२ साली रंगमंचावर आले, तेव्हा जालना जिल्ह्यातील शेतीवाडी करणारी माणसे त्यात काम करीत होती. त्यांची बोली कोणी घासूनपुसून गुळगुळीत केली नव्हती. नाटकाची ताकद त्या न घासण्यात आहे, असे आम्हाला वाटते. त्यातील वादविवादाचे काही भाग आम्हाला पसरट वाटले तरीही.

महाराष्ट्राबाहेरचे एक उदाहरण येथे द्यावेसे वाटते, कारण सहनिर्मितीचा अर्थ त्याने अधिक स्वच्छ होतो. १९९८ च्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर या तरुणाचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला. सबर ही १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरविलेल्या जमातींपैकी एक. शेकडो मैल दूर, अहमदाबादच्या छारानगरात, त्याच कायद्याचा डाग वाहणाऱ्या छारा तरुणांनी त्यावर 'बुधन' हे नाटक केले. महाश्वेतादेवी आणि गणेश देवी यांच्या प्रेरणेने तेथे आधी एक वाचनालय सुरू झाले होते. नाटक त्यातून आले. पहिला प्रयोग ३१ ऑगस्टला झाला. १९५२ साली याच तारखेला या जमाती कायद्याने मुक्त झाल्या होत्या. महाराष्ट्रातील कंजारभाट समाजाशी छारांचे नाते आहे, तेव्हा ही गोष्ट आपल्याला परकी नाही. प्रेरणा बाहेरून आली खरी. परंतु ज्यांनी पोलिसांची लाठी स्वतःच्या वा बापाच्या पाठीवर पाहिली होती त्यांनी पोलिसाची भूमिकाही स्वतः केली, लाठी कशी उगारली जाते हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही, आणि बुधन थिएटर पुढे दक्षिण बजरंगे व त्यांच्या वस्तीतील मुलामुलींच्या हाती राहिले. बाहेरून आलेल्याने केव्हा बाजूला व्हावे, हे कळणे ही सहनिर्मितीतील सर्वांत अवघड गोष्ट आहे. आपल्याकडील पुष्कळ शिबिरे तेथेच फसतात. शिबिर संपते, मार्गदर्शक जातात, छायाचित्रे राहतात.

आता आमच्या स्वतःच्या अपराधाकडे येतो. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी भीमजयंतीनिमित्त भरलेल्या एकांकिका स्पर्धेत आम्ही परीक्षक होतो. विहाराला लागून मंडप होता. एका चमूने हुंड्याच्या प्रश्नावर चांगली बेतलेली एकांकिका केली. तीत विनोदासाठी एक आंधळा भिकारी घातला होता. तो चाचपडत येई, खांबाला धडके, भलत्याच्याच पाया पडे. डोळस मुलगा ते काम सफाईने करीत होता. मंडप हसून लोटपोट झाला. आम्हीही हसलो, आणि त्या मुलाला अभिनयाचे पारितोषिक दिले.

कार्यक्रम आटोपल्यावर विहाराच्या पायऱ्यांपाशी एक गायक भेटले. जन्मांध. परिसरात वामनदादांची गाणी गाणारे म्हणून त्यांना सारे ओळखतात. वय साठीच्या पुढे. ते म्हणाले, "जय भीम सर. नाटक चांगलं होतं म्हणतात सगळे. मधी दहा मिनिटं लोक लईच हसले. तवा काय झालं होतं?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. असेच काहीतरी, असे म्हणून आम्ही चहाकडे वळलो. तालपुट रडला होता. आमच्याने तेवढेही झाले नाही.

त्या रात्रीनंतर आम्ही या विषयावर जे वाचू लागलो, त्यात इंग्लंडमधील 'ग्रेआय' या नाट्यसंस्थेविषयीचे वाचन आम्हाला सर्वाधिक उपयोगी पडले. नबील शाबान आणि रिचर्ड टॉमलिन्सन यांनी १९८० साली ही संस्था काढली. ग्रीक पुराणातील तीन बहिणींचे हे नाव. तिघींमध्ये मिळून एक डोळा आणि एक दात होता आणि तो त्या आपसांत फिरवीत. अपंग नट-नटींची ही संस्था अपंगांच्याच नेतृत्वाखाली चालते. १९९७ पासून तिची कलात्मक धुरा जेनी सीली यांनी सांभाळली. त्या स्वतः बहिऱ्या आहेत. त्यांचे वैशिष्ट्य असे की, खुणांची भाषा, पडद्यावर उमटणारे संवाद आणि दृश्याचे शब्दांनी केलेले वर्णन या गोष्टी नाटक तयार झाल्यावर वरून चिकटवायच्या नाहीत. तालमीच्या पहिल्या दिवसापासून त्यांनीच नाटकाचा आकार ठरवावयाचा. खुणा करणारी व्यक्ती मंचाच्या कोपऱ्यात दिव्याच्या झोतात उभी न राहता एक पात्र म्हणून कथानकात वावरते. वर्णन करणारा आवाज एखाद्या पात्राचाच असतो, आणि ते पात्र वर्णन करता करता शेरेही मारते. २०१६ साली सीली यांनी ढाक्यात, ढाका थिएटर आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्यासह, अपंग कलावंतांना घेऊन शेक्सपियरचे 'रोमिओ अँड ज्युलिएट' बंगालीत केले. तेव्हा ही श्रीमंत देशांचीच चैन आहे, असे म्हणून सुटता येत नाही.

वाचताना आम्ही एका ठिकाणी थांबलो. शेरे मारीत वर्णन करणारे पात्र! हा तर आपला सोंगाड्या. जे अंगणात आपल्याकडे आपसूक होते, ते मंचाच्या मोहात आपण घालविले आणि इतरांनी ते विचारपूर्वक, तत्त्व म्हणून घडविले. शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ साली दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राचा प्रश्न पुस्तकरूपाने मांडला, तेव्हा आनंदवादी समीक्षेला आपण ठणकावून सांगितले की आमच्या कलेची मोजपट्टी वेगळी आहे. त्या मोजपट्टीवर 'हे सर्वांना गाठता येते काय' ही खूण आपण कोरलीच नाही. सुगमता ही व्यवस्थापनाची बाब मानून मंडप घालणाऱ्या ठेकेदारावर सोपविली. वस्तुतः ती संहितेची बाब आहे. खांबाला धडकणारा आंधळा भिकारी लिहिणाऱ्या हाताशेजारी एक आंधळा माणूस बसलेला असता, तर तो विनोद लिहिलाच गेला नसता. किंवा वेगळा लिहिला गेला असता, आणि कदाचित अधिक हसवून गेला असता. कारण डोळस माणसांच्या फजितीचे किस्से त्या गायकांपाशी किती आहेत, हे पुढे आम्ही ऐकले आहे.

शासनाचे काय? २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्यात कला आणि मनोरंजन यांचे स्वतंत्र कलम आहे. सहभागाचा हक्क त्यात मान्य केला आहे. कायदा चांगला आहे, अंमलबजावणीविषयी वाचकांना आम्ही काय सांगावे? एक गोष्ट मात्र नोंदवितो. त्याच सुमारास अपंगांना 'दिव्यांग' म्हणावे असे ठरले. ज्यांची दैना बदलावयाची नसते त्यांच्या नावाला देवत्व जोडावे, ही युक्ती आपल्या समाजाने एकदा अनुभवली आहे. 'हरिजन' शब्द आपण का झिडकारला, हे आठवले तर 'दिव्यांग' शब्दाला अनेक अपंग कार्यकर्त्यांनी आक्षेप का घेतला, हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

आता त्या गावाविषयी थोडे. त्या चमूतील मुलांना आम्ही पत्र लिहिले. पारितोषिक देण्यात आमची चूक झाली, असे त्यात स्पष्ट लिहिले. मुले रागावली असतील असे वाटले होते. त्यांनी उत्तर पाठविले नाही, पण पुढच्या जयंतीच्या दोन महिने आधी ती त्या गायकांच्या घरी गेली. या वेळी त्यांनी जलसा करावयाचे ठरविले. गायकांनी पहिल्या दिवशीच हट्ट धरला की, कोणी मुकाट्याने मंचावर यायचे नाही. जो येईल त्याने येताना बोलले पाहिजे. त्यावरून सोंगाड्या परत आला. ढोलकीवाल्याची धाकटी बहीण ऐकू न येणारी, जिल्ह्याच्या मूकबधिर शाळेत शिकलेली. ती तालमीच्या वेळी दारात बसून पाहत असे. तिने झीलकऱ्यांना ध्रुवपदाच्या खुणा शिकविल्या आणि ओळ उचलताना सारे झीलकरी हातांनीही ती उचलू लागले. निमंत्रणावरून आम्ही गेलो, ते या वेळी श्रोते म्हणून.

प्रयोग सर्वस्वी चांगला झाला असे म्हणता येणार नाही. बतावणी लांबली. महारवतनाचा भाग आजच्या मुलांना कळण्यासारखा मांडला गेला नव्हता. मधेच वीज गेली आणि हातांच्या खुणा दिसेनाशा झाल्या, तेव्हा त्या मुलीने समोरच्या दोन मोटारसायकलींचे दिवे मंचाकडे वळवायला लावले. म्हणजे तसे तिने खुणेने सांगितले आणि आश्चर्य म्हणजे ते सर्वांना लगेच समजले. त्या उजेडात उरलेला अर्धा जलसा झाला. गायकांनी शेवटचे गाणे म्हटले, तेव्हा झीलकऱ्यांचे हात त्यांना दिसत नव्हते आणि त्यांचा आवाज त्या मुलीला ऐकू येत नव्हता; दोघे एकमेकांशेजारी उभे होते आणि ठेका ढोलकीच्या हादऱ्यावरून दोघांनाही कळत होता.

प्रयोग विहारासमोरच्या मोकळ्या जागेत, जमिनीवर झाला. विहाराला आठ पायऱ्या आहेत. पोलिओ झालेल्या दोन उपासिका दरवर्षी वंदनेला पायऱ्यांखालीच बसतात, हे आम्हाला त्या दिवशी प्रथम दिसले. उतार बांधण्याचा विषय आम्ही समितीच्या पदाधिकाऱ्यांपाशी काढला. खर्चाचा अंदाज मागविला आहे, पुढच्या बैठकीत घेऊ, असे त्यांनी सांगितले. त्या बैठकीला त्या दोघींना बोलावणार काय, असे आम्ही विचारले. बैठक वरच्या सभागृहात असते, असे उत्तर मिळाले.